आभाळाचा विद्यार्थी

मुलांनो, भर दुपारी आभाळात फिरणारी घार तुम्ही पाहिली असेलच. खाली ऊन रणरणत असते. कुत्रीसुद्धा सावली धरून बसलेली असतात. आणि वर ही घार पंख न हलवता खुशाल गोल गोल फिरत असते! चिमणीला नुसते कौलावरून तारेवर जायचे तरी केवढी फडफड करावी लागते. मग घारीला हे कसं जमतं बरं?

घारीला जमते ते माणसालाही जमते. इंजिन नसलेले, नुसत्या हवेच्या आधाराने तरंगणारे विमान असते. त्याला ग्लायडर म्हणतात. आपल्या पुण्याजवळ हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये कितीतरी जण ते चालवायला शिकले. जगात ठिकठिकाणी ग्लायडर उडवणाऱ्यांचे क्लब आहेत. तिथे सगळे मिळून ग्लायडर ढकलतात, पुसतात, तपासतात आणि आळीपाळीने उडतात. त्यामुळे क्लबातली माणसे एकमेकांना घरच्यासारखी होतात.

अशा क्लबात कधी कधी फार वाईट बातमी येते. सकाळी हसत हसत उडायला गेलेला सभासद परत येत नाही. अपघात झालेला असतो. मग सगळे सुन्न होतात. मोठ्या माणसांनाही काय बोलावे ते सुचत नाही. आणि लहान मुले सरळ विचारून टाकतात, "एवढी भीती होती तर ते वर गेलेच कशाला?"

हा प्रश्न काही वेडा नाही हं! आज मी तुम्हाला ज्या माणसाची गोष्ट सांगणार आहे, त्यांच्या बाबतीतही तो विचारला गेला असेल. जगभरच्या ग्लायडरवाल्यांचे ते लाडके आजोबाच म्हणा ना! त्यांचे नाव ऑटो लिलिएंथाल.

करकोच्यांच्या गावचा मुलगा

जर्मनीच्या उत्तरेला आंक्लाम नावाचे एक छोटे गाव आहे. तिथे २३ मे १८४८ रोजी ऑटोचा जन्म झाला. गुस्ताव हा त्याचा धाकटा भाऊ. दोघांत एका वर्षाचेच अंतर, त्यामुळे भाऊ कमी आणि मित्र जास्त! वडील लवकर वारले आणि मुलांना वाढवायचा भार आईवर पडला.

त्या भागात ओलसर कुरणे खूप. तिथे करकोचे येत. लांब पायांचा, लांब चोचीचा हा मोठा पक्षी जमिनीवर चालताना जरा बावळटच दिसतो. पण एकदा हवेत गेला की काय त्याची ऐट! दोघे भाऊ तासन् तास त्यांच्याकडे बघत बसत. त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. करकोचा उडताना नेहमी वाऱ्याच्या समोर तोंड करून धावतो. वारा पाठीमागून असेल तर तो आधी वळतो आणि मगच उडतो. असे का?

ऑटो तेरा-चौदा वर्षांचा असताना दोघांनी लाकडाच्या पातळ पट्ट्यांचे पंख बनवले, ते हातांना बांधले आणि उतारावरून धाव ठोकली. तीही केव्हा, माहीत आहे? रात्री! दिवसा कोणी पाहिले तर शाळेतली मुले चिडवतील ना! अर्थात ते काही उडाले नाहीत. पण "आपल्याला जमत नाही" म्हणून पंख अडगळीत टाकून दिले, असे मात्र झाले नाही. ते विचारू लागले, "का जमत नाही?"

मुलांनो, या दोन वाक्यांत केवढा फरक आहे, पाहा.

वीस वर्षे नुसती मोजमापे!

ऑटो मोठा झाला, बर्लिनला जाऊन इंजिनिअर झाला. मधे एका युद्धातही त्याला जावे लागले. १८८३ साली त्याने स्वतःचा कारखाना काढला. त्यात वाफेची इंजिने आणि बॉयलर बनत. आता आपणही त्यांना अहो-जाहो करू या, कारण ते कारखानदार लिलिएंथाल झाले ना!

पण हे कारखानदार निराळेच होते. १८९० साली त्यांनी ठरवले, की नफ्यातला पंचवीस टक्के हिस्सा कामगारांना द्यायचा. त्या काळात असे करणारे मालक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. गरिबांना नाटक पाहता यावे म्हणून त्यांनी बर्लिनमधल्या एका नाटकगृहाला मदत केली. तिथे अगदी थोडक्या पैशांत तिकीट मिळे. त्यांनी स्वतःही एक नाटक लिहिले. माणसे त्यांच्यावर जीव लावत, ती काही फक्त उडतात म्हणून नव्हे.

आणि पक्षी? पक्षी कुठे सुटले होते! कामातून वेळ काढून ऑटो आणि गुस्ताव प्रयोग करत. त्यांनी एक यंत्र केले. एका खांबाभोवती लांब दांडा गोल फिरायचा आणि दांड्याच्या टोकाला निरनिराळ्या आकारांचे छोटे पंख लावायचे. कोणत्या आकाराला हवा किती जोराने उचलते, ते ते मोजत आणि वहीत लिहून ठेवत. त्यातून त्यांना कळले, की सपाट फळीसारख्या पंखापेक्षा किंचित कमान असलेला पंख कितीतरी चांगला उचलला जातो. करकोच्याचा पंखही तसाच असतो!

१८८९ साली लिलिएंथाल यांनी हे सगळे एका पुस्तकात छापले. पक्ष्यांचे उडणे हा माणसाच्या उडण्याचा पाया आहे, असा त्या पुस्तकाचा विषय. त्यात आकृत्या, तक्ते, आकडे, सगळे होते. आपण शोधलेले लपवून ठेवायचे नाही, सगळ्यांना सांगायचे, हा त्यांचा स्वभाव. १८८६ पासून ते बर्लिनमधल्या हवाई प्रवासाच्या एका संस्थेचे सभासद होते. तिथे बहुतेक सगळे फुग्यातून हवेत जाणारे. फुग्यातून माणूस १७८३ सालीच वर गेला होता. या फुगेवाल्यांत पंखांवर विश्वास असणारे आपले लिलिएंथाल!

आधी एक मीटर!

आता ऐका. पंख घेऊन ते प्रत्यक्ष उडायला लागले ते १८९१ साली. तेव्हा त्यांचे वय होते त्रेचाळीस. लहानपणीच्या त्या रात्रीनंतर जवळजवळ तीस वर्षांनी!

आणि सुरुवात कुठून केली? डोंगराच्या कड्यावरून? छे! घराच्या बागेत एक फळी बांधली आणि साधारण एक मीटर उंचीवरून पंखांसकट उड्या मारायचा सराव केला. मग फळी थोडी उंच केली. मग डेरविट्झ गावाजवळच्या छोट्या उंचवट्यावरून उडी. तिथे ते पंचवीस मीटरपर्यंत तरंगत गेले. पंचवीस मीटर म्हणजे कबड्डीच्या मैदानाच्या दुपटीपेक्षा किंचित कमीच. पण माणसाने ठरवून, पुन्हा पुन्हा असे तरंगून दाखवणे, ही नवीनच गोष्ट होती.

१८९३ पर्यंत ते रिनो गावाजवळच्या टेकड्यांवरून अडीचशे मीटरपर्यंत जाऊ लागले. १८९४ साली त्यांनी बर्लिनजवळ लिश्टरफेल्डे इथे एक कृत्रिम टेकडीच रचून घेतली. उंची पंधरा मीटर. टेकडी गोल होती, म्हणजे वारा कोणत्याही बाजूने येवो, त्याच्या समोर तोंड करून धावता यावे. करकोच्याने शिकवलेला धडा आठवला ना? माणसे मुलाबाळांना घेऊन बघायला येत. त्यांचे उडतानाचे फोटो जगभरच्या मासिकांत छापले गेले.

त्यांचा ग्लायडर होता विलोच्या लवचीक काठ्यांचा आणि सुती कापडाचा. वजन सुमारे वीस किलो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेसहा मीटरहून थोडा जास्त. बारा फूट लांब आणि बारा फूट रुंद खोली असते ना, साधारण तेवढा कापडाचा पसारा. मधे एक भोक, त्यात लिलिएंथाल हातांच्या आधाराने लटकलेले, पाय खाली मोकळे. उजवीकडे वळायचे असेल तर पाय उजवीकडे झोकायचे. नाक खाली आणायचे असेल तर अंग पुढे टाकायचे. सुकाणू वगैरे काही नाही, स्वतःचे अंग हेच सुकाणू!

एकदा १८९४ मध्ये ते पडले होते, पण वाचले. पुढच्या बाजूला लावलेल्या एका लवचीक कमानीने धक्का झेलला होता. म्हणजे बघा, पडण्याचा विचारही त्यांनी आधीच करून ठेवला होता. उगाच जीव धोक्यात घालणारा हा माणूस नव्हता.

पाच वर्षांत त्यांनी दोन हजारांहून अधिक उड्डाणे केली.

९ ऑगस्ट १८९६

तो रविवार होता. लिलिएंथाल आपले मदतनीस पाउल बायलिश यांच्याबरोबर श्टोल्न गावाजवळच्या गोलेनबर्ग टेकडीवर आले. ऊन छान पडले होते. मागच्याच आठवड्यात रॉबर्ट वुड नावाचा अमेरिकन शास्त्रज्ञ त्यांची उड्डाणे पाहून, फोटो काढून गेला होता. सगळे कसे नेहमीसारखेच चालले होते.

पण ऊन पडले की जमीन तापते, जमिनीजवळची हवा गरम होते आणि वर उसळते. घारीला दुपारी फुकटचा उद्वाहक मिळतो तो हाच. त्या दिवशी अशाच एका उसळीने ग्लायडरचे नाक एकदम वर उचलले गेले आणि ग्लायडर हवेत जागच्या जागी थांबला. लिलिएंथाल यांनी नाक खाली आणण्यासाठी पाय आणि अंग जोरात पुढे झोकले. पण तेवढे पुरले नाही. सुमारे पंधरा मीटरवरून ते खाली आले.

त्यांच्या मानेचा मणका मोडला होता. दुसऱ्या दिवशी त्यांना बर्लिनला नेले. तिथेच १० ऑगस्टला त्यांनी प्राण सोडला. वय अठ्ठेचाळीस. घरी पत्नी आग्नेस आणि चार मुले होती.

मुलांनो, इथे थोडे थांबू या. अशा गोष्टी सांगताना आपण पुष्कळदा "थोर बलिदान" वगैरे म्हणतो आणि पुढे जातो. पण त्या चार मुलांचे बाबा घरी आले नाहीत, हे खरे आहे. गुस्तावचा लहानपणापासूनचा सवंगडी गेला, हेही खरे आहे. कितीही मोठा शोध लागला तरी ते दुःख काही कमी होत नाही. म्हणून शूर माणसाची आठवण काढताना आधी त्याच्या घरच्यांची आठवण काढावी, असे मला वाटते.

पडले कसे, ते आपण करून पाहू

एक कागद घ्या आणि नेहमीचे टोकदार विमान करा. त्याच्या नाकाजवळ एक यू-पिन लावा आणि हळूच सोडा. कसे छान तरंगत जाते! आता तीच यू-पिन काढून शेपटीला लावा आणि पुन्हा सोडा. बघा काय होते ते. नाक वर जाते, विमान हवेत थबकते आणि धपकन खाली!

पंखाला आधार मिळतो तो त्याच्यावरून नीट वाहणाऱ्या हवेचा. नाक फार वर गेले की पंखावरची हवा नीट वाहत नाही, विस्कटते आणि आधार सुटतो. वैमानिक याला "स्टॉल होणे" म्हणतात. आज विमान चालवायला शिकणाऱ्या प्रत्येकाला शिक्षक पुरेशा उंचीवर नेऊन हे मुद्दाम करून दाखवतात आणि त्यातून बाहेर कसे यायचे ते शिकवतात: नाक खाली, वेग घ्या, मग सावरा. लिलिएंथाल यांना हे शिकवणारे कोणी नव्हते. ते स्वतःच त्या शाळेचे पहिले विद्यार्थी होते.

दोन सायकलवाल्यांनी काय केले

अपघाताची बातमी समुद्रापार अमेरिकेत पोहोचली. डेटन गावात विल्बर आणि ऑरव्हिल राइट हे दोघे भाऊ सायकलींचे दुकान चालवत. त्यांनी ती वाचली आणि लहानपणची उडण्याची ओढ पुन्हा जागी झाली. बातमी तर मरणाची होती. पण त्यांनी काय विचार केला, बघा. विल्बरने हिशेब केला, की लिलिएंथाल पाच वर्षांत हवेत राहिले ते सगळे मिळून जेमतेम पाच तास! एकेक उड्डाण काही सेकंदांचेच ना! पाच तासांत कोणी सायकल तरी नीट शिकेल का? एवढ्या थोड्या सरावात त्यांनी इतके साधले, याचेच विल्बरला नवल वाटले.

मग राइट बंधूंनी त्यांचे काम पुढे नेले. अंग झोकून ग्लायडर सावरत नाही ना? मग पंखांची टोके दोरीने पिळून तोल सांभाळायची युक्ती त्यांनी काढली. नाक वरखाली करायला एक छोटा पंख पुढच्या बाजूला बसवला. तो पुढे ठेवण्यामागे, लिलिएंथाल जसे नाकावर पडले तसे पडू नये, हाही विचार होता. लिलिएंथाल यांचे आकडे त्यांनी आंधळेपणाने घेतले नाहीत. स्वतः मोजून पाहिले, तपासले. १९०२ मध्ये ग्लायडरवर शेकडो उड्डाणांचा सराव केला. आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी इंजिन बसवलेले त्यांचे विमान उडाले. बारा सेकंद! पुढचे सगळे तुम्हाला ठाऊकच आहे.

पण गोष्ट इतकी सरळ नाही हं. इंग्लंडमध्ये पर्सी पिल्चर नावाचे तरुण इंजिनिअर होते. ते जर्मनीला जाऊन लिलिएंथाल यांना भेटले, त्यांच्याकडून ग्लायडर घेऊन आले. १८९९ साली त्यांचाही ग्लायडर मोडून अपघात झाला आणि बत्तिसाव्या वर्षी ते गेले. आभाळाने प्रत्येक धडा महाग दिला. म्हणून तर एकेक धडा विसरायचा नाही, असा उडणाऱ्यांचा नियम झाला. आजही कुठे अपघात झाला की "नशीब!" म्हणून सोडून देत नाहीत. मोडलेला प्रत्येक तुकडा गोळा करतात, शोध घेतात आणि काय चुकले ते सगळ्यांना कळवतात. क्लबात उडण्याआधी रोज यादी वाचून तपासणी होते. शिकाऊ मुलगा शिक्षकाबरोबर दोन आसनांच्या ग्लायडरमधून जातो. गेलेल्या मित्राची आठवण त्या यादीत असते, म्हटले तरी चालेल.

आग्नेसबाईंचे विमान

श्टोल्नला जाल तर एक गंमत दिसेल. शेतांच्या मधोमध चार इंजिनांचे भले मोठे प्रवासी विमान उभे आहे! २३ ऑक्टोबर १९८९ रोजी पूर्व जर्मनीच्या वैमानिकांनी ते तिथल्या गवताच्या आखूड पट्टीवर उतरवले. लिलिएंथाल यांची आठवण म्हणून ते कायमचे तिथेच ठेवायचे होते. विमानाचे नाव काय ठेवले असेल? "लेडी आग्नेस". पतीच्या टेकडीजवळ पत्नीच्या नावाचे विमान! त्यात आता लग्नेसुद्धा लागतात. त्या गावात आजही ग्लायडर उडतात. आंक्लामला त्यांचे संग्रहालय आहे. ती पंधरा मीटरची टेकडीही बर्लिनमध्ये जपून ठेवली आहे.

आणखी एक सांगते. २०१६ साली जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी लिलिएंथाल यांच्या ग्लायडरची हुबेहूब प्रतिकृती केली आणि तिला मोठ्या बोगद्यात वाऱ्याच्या झोतासमोर धरून तपासले. एकशेवीस वर्षांनंतर! काय आढळले? ग्लायडर चांगला होता. नीट उडेल असाच होता. म्हणजे लिलिएंथाल यांची ती वहीतली वर्षानुवर्षांची मोजमापे वाया गेली नव्हती.

मग ते वर गेलेच कशाला?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. ते वर गेले, कारण हवेतल्या काही गोष्टी जमिनीवर बसून कळत नव्हत्या. पण नुसत्या हौसेने गेले नाहीत. आधी पाहिले, मग मोजले, मग लिहिले, मग एक मीटरवरून सुरुवात केली. तरीही एक गोष्ट कळायची राहिली होती, आणि ती त्यांच्या जिवावर बेतली.

म्हणून तुम्हाला बजावून सांगते, गच्चीवरून किंवा झाडावरून छत्री, चादर घेऊन उडी मारण्याला धाडस म्हणत नाहीत! लिलिएंथाल यांनी ते मुळीच केले नसते. ज्याला खरेच उडायचे आहे त्याने कागदी विमाने करावीत, गणित शिकावे, घार बघावी आणि मोठेपणी रीतसर शिक्षकाकडून शिकावे.

आणि पालकांनो, तुमच्याशीही थोडे बोलते. घरात, शेजारी कोणी अपघातात गेले की आपण मुलांसमोर विषय बदलतो. "देवाघरी गेले" म्हणून गप्प करतो. पण मुलांच्या डोक्यात प्रश्न घोळतच राहतात. त्यांना त्या माणसाबद्दल बोलू द्या. तो हसायचा कसा, त्याला काय आवडायचे, काय काय येत होते, हे आठवू द्या. एखादा माणूस दोन हजार वेळा उडाला आणि एकदा पडला, तर आपण त्या एका वेळेचीच गोष्ट का सांगत बसायची?

मुलांनो, तुमच्या ओळखीचे कोणी असे अचानक गेले असेल, तर एक वही करा. त्यांना काय येत होते ते तिच्यात लिहा. त्यातले एखादे तरी काम शिकून घ्या. आजीच्या हातची वडी असो, काकांची सायकल दुरुस्ती असो, नाहीतर एखाद्या दादाचे पतंग बांधणे असो. लिलिएंथाल यांचे आकडे राइट बंधूंच्या हाती पडले, तसे तुमच्या वहीतले कोणाच्या हाती पडेल, काय सांगावे!

तोवर ते कागदी विमान करायला घ्या. यू-पिन नाकाला लावायची बरं का!